पेरलेला ग्रह

माझ्या नणंदेला दोष दिसतात. ही तक्रार नाही. म्हणजे आहेच, पण तो तिचा धंदाही होता. एकतीस वर्षं ती कापडाच्या कारखान्यात तपासणीच्या मेजापाशी उभी होती. मेजाची काच खालून उजळलेली, वरून कापड सरकत जातंय आणि ही बाई बघतेय. तुटलेला धागा, सुटलेला धागा, गाठ, डाग. दिसला की लाल खडूने खूण करायची आणि कापड पुढे जाऊ द्यायचं. मिनिटाला वीस मीटर. तिने पास केलेला तागा परत आला असं एकतीस वर्षांत दोनदा झालं, आणि त्या दोन्ही तारखा तिला अजून तोंडपाठ आहेत.

मग कारखान्याने कॅमेरे बसवले आणि ती आमच्याकडे राहायला आली.

येणं भागच होतं. माझा नवरा आठ महिन्यांचा असताना त्यांची आई गेली, तेव्हा ताई चौदा वर्षांची होती. तिनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवलं, शिकवलं, औषधांच्या दुकानात चिकटवलं आणि स्वतः लग्नाचं नाव काढलं नाही. हे सगळं मला मान्य आहे. मान्य असणं वेगळं आणि तीन खोल्यांच्या घरात सकाळी सहाला तिचा आवाज ऐकणं वेगळं.

"हा पेला कुणी धुतला गं? कडेला साबण आहे."

"मी धुतला, ताई."

"असू दे. सांगून ठेवते आपलं."

पडद्याची शिवण उसवलीय, सांगून ठेवते. कपाला तडा जातोय, सांगून ठेवते. तुझ्या कोटाचं तिसरं बटण वेगळ्या दोऱ्याने लावलंयस, सांगून ठेवते. बोलण्यात खवचटपणा म्हणाल तर नखाएवढाही नाही, तेच तर डोकं फिरवायचं. आणि पेला उजेडात धरून बघितला की कडेला साबण असायचाच. एकदा तरी नसावा ना! मी तोंडावर त्यांना 'तुम्ही' म्हणायचे, मनात मात्र कधीच 'ती'वर आले होते.

मी वेधशाळेत काम करते. दुर्बिणीला हात लावत नाही, लोकांना हात जोडते. जनसंपर्क विभाग म्हणजे मी, एक फोन आणि एक कुरकुरणारा प्रिंटर. कृष्णविवराच्या सावलीचं पहिलं छायाचित्र आलं, त्या आठवड्यात मी दोनशे लोकांना सांगितलं की नाही हो, ते आपल्याकडे येत नाहीये. शाळांच्या सहली, व्याख्यानं, भित्तिपत्रकं, सगळं माझ्या गळ्यात. आमच्या संचालकांना आम्ही पाठीमागे 'गुरू' म्हणतो, ग्रहावरून. आकाराने सगळ्यांत मोठा आणि आत नुसता वायू.

दोन वर्षांपूर्वी गुरूंच्या डोक्यातून 'ग्रहशोध' निघाला. त्याचं असं आहे. अवकाशातली एक दुर्बीण एकाच वेळी हजारो ताऱ्यांकडे टक लावून बघत असते. एखाद्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह गेला की ताऱ्याचा उजेड अगदी किंचित कमी होतो. आलेखावर ठिपक्यांची आडवी पट्टी असते, तिच्यात तेवढ्यापुरता बारीकसा खळगा पडतो. समान अंतरावर असे तीन खळगे दिसले की समजायचं, तिथे कुणीतरी फेऱ्या मारतंय. हे शोधायला कॉम्प्युटर आहेच. पण त्याच्याही नजरेतून सुटतं, म्हणून त्याने टाकून दिलेले आलेख आम्ही सामान्य लोकांना दाखवतो. घरी बसा, बघा, खळगा दिसला तर खूण करा, नाही तर 'काही नाही' हे बटण दाबा. बस्स, एवढंच काम.

ह्यातली एक गोष्ट लोकांना आम्ही पहिल्याच पानावर सांगतो. शंभरातले दोन आलेख बनावट असतात. तारा खरा, खळगे आम्ही पेरलेले. लोक खरंच बघतायत की डुलक्या काढत बटणं दाबतायत, हे कळायला दुसरा मार्ग नाही. पेरलेला खळगा कुणी ओळखला की लगेच पडद्यावर हिरवी चौकट येते: 'हा नमुना आम्ही पेरला होता. शाब्बास!' जो बरोबर ओळखत जातो त्याचं वजन वाढतं. वजन म्हणजे त्याच्या मताची किंमत. दर तीन महिन्यांनी ते नव्याने ठरतं. आणि कुठले आलेख पेरलेले आहेत त्याची यादी दर महिन्याला यंत्रणेत भरायचं काम माझं.

हा उद्योग मी ताईच्या हातात दिला तो विज्ञानाच्या प्रेमाने नव्हे. म्हटलं, बाईला दोषच शोधायचेत ना, मग आकाशात शोधू दे. माझ्या स्वयंपाकघरातून एकदाची नजर हटू दे.

नजर हटली. खिडकीजवळच्या टेबलावर जुना कॉम्प्युटर मांडून दिला, आणि ती सकाळी आठ ते बारा, दुपारी दोन ते सहा अशी बसायला लागली. कारखान्याचीच वेळ. जेवायची सुट्टीसुद्धा तेवढीच. एका आलेखाला नऊ सेकंद. सहा महिन्यांत पावणेपाच लाख आलेख झाले. पेरलेले तर तिने एकूण एक ओळखले. आमच्या यादीत सगळ्यांत जास्त वजन तिचं झालं, तिचं एक मत सहा माणसांच्या बरोबरीचं. आमच्या शास्त्रज्ञांना तिचं नाव माहीत नव्हतं, नुसता नंबर माहीत होता. त्या नंबराबद्दल ते आदराने बोलायचे आणि मी मूग गिळून बसायचे. घरी येऊन सांगायला काय झालं होतं? काही नाही. सांगितलं नाही.

मग तो महिना आला. पेरणीची यादी त्या वेळी दोन फायलींत होती. पहिली मी भरली, तेवढ्यात फोन वाजला. कुणा गृहस्थाला विचारायचं होतं की सगळे ग्रह एका रेषेत आले तर भूकंप होतो का. त्याला अर्धा तास समजावलं, फोन ठेवला, चहा प्यायले आणि दुसरी फाइल विसरले. चाळीस पेरलेले आलेख चौकटीविना लोकांसमोर गेले. एवढीशी गोष्ट.

आठवड्याभराने सकाळी मी कामाला निघत होते तर ताईने हाक मारली.

"अगं, जरा इकडे ये ना."

मला वाटलं, आता काय उसवलं. जाऊन बघते तर ती खुर्चीत ताठ बसलेली. पडद्यावर ठिपक्यांची पट्टी आणि तिच्यात तीन खळगे, समान अंतरावर.

"खूण केली," ती म्हणाली. "आणि थांबले. चौकट आली नाही गं. दहा मिनिटं झाली. नाहीच आली."

"मग?"

"मग म्हणजे खरा आहे!" असं म्हणून ती हसली. चौसष्ट वर्षांच्या त्या बाईला मी त्याआधी दात दिसेपर्यंत हसताना बघितलं नव्हतं.

ऑफिसात जाऊन मी पहिलं काम ते केलं. ताऱ्याचा नंबर दुसऱ्या फाइलमध्ये सत्ताविसाव्या ओळीत होता. फाइल मी भरलीच नव्हती.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगायचं. बरोबर आहे. 'ताई, चूक माझी झाली, तो आमचा पेरलेला आहे,' एवढी दोन वाक्यं. पहिल्या दिवशी नाही सांगितलं, कारण गुरूंना कळलं असतं आणि त्यांनी मला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं. दुसरी फाइल मी गुपचूप भरून टाकली. पण आधी केलेल्या खुणांवर चौकट मागाहून येत नाही. मग आठवड्याभरात घराचं रूपच पालटलं. ताई गुणगुणायला लागली. पेला हातात घ्यायची, पाणी प्यायची आणि ठेवून द्यायची, उजेडात धरायची नाही. नवरा तर हवेतच होता. दुकानात येईल त्याला खोकल्याच्या औषधाबरोबर बहिणीचा ग्रह. "माझ्या ताईने शोधलाय, बरं का! ताईने!" त्यात कसं सांगणार?

ही झाली दोन कारणं. तिसरं सांगायला जीभ रेटत नाही, तरी सांगते. मला बघायचं होतं. त्या बाईचं एक तरी काम खोटं निघताना मला बघायचं होतं. वर्षभर माझ्या प्रत्येक कपाला तडा होता. आता एक तडा तिच्या कपाला आहे आणि तो फक्त मला ठाऊक आहे, ह्यात मला मजा वाटत होती. रोज संध्याकाळी ती विचारायची, "काय झालं गं माझ्या ताऱ्याचं?" आणि मी म्हणायचे, "शास्त्रज्ञ बघतायत, ताई. वेळ लागतो." ताकास तूर लागू दिली नाही.

वेधशाळेचा खुला दिवस जवळ आला. वर्षातून एकदा आम्ही दारं उघडतो, लोक येतात, दुर्बिणीला डोळा लावतात आणि डोळा मिटलेला असतानाच "वा!" म्हणतात. त्या वर्षी गुरूंना मिरवायला बरंच होतं. आमच्याच गटाला एका लांबच्या ग्रहाच्या हवेत वाफेची खूण सापडली होती, वर्तमानपत्रांत फोटो आले होते. गुरू म्हणाले, ह्या वेळी स्वयंसेवकांचाही सत्कार करू, सगळ्यांत जास्त आलेख तपासणाऱ्याला मंचावर बोलावू. कोण आहे? मी नाव सांगितलं. "अरे, तुमची नणंद? छानच! दोन शब्द बोलायला सांगा त्यांना."

ताईने दोन शब्दांचं भाषण बारा दिवस लिहिलं. लिहायची, खोडायची, परत लिहायची. कागदाला इस्त्री केल्यासारखी घडी घालून ठेवायची. एका दुपारी भाजी निवडताना मला म्हणाली,

"माझ्या ताऱ्याबद्दल बोलले तर चालेल का गं? म्हणजे अजून तुमच्या लोकांनी पक्कं सांगितलेलं नाही, म्हणून विचारते. चूक असली तर नको बाई."

बघा, तिने मला दार उघडून दिलं होतं. नुसतं 'नको' म्हणायचं होतं मी.

"बोला की," मी म्हटलं. "तुमचाच आहे तो."

सभागृहात चारशे माणसं होती. भिंतीवर कृष्णविवराचं मोठं चित्र, समोर पडदा, मंचावर गुरू आणि त्यांच्या शेजारी आमचा डेटाचा शास्त्रज्ञ. त्याला सगळे 'दाढी' म्हणतात. पोरगा हुशार, मनाने चांगला, फक्त कुठे थांबायचं ते कळत नाही. पहिल्या रांगेत नवरा, दुकानातले दोघं आणि ताईच्या कारखान्यातल्या तीन जुन्या मैत्रिणी. त्यांना ताईने स्वतः फोन करून बोलावलं होतं. मी बाजूला माइक घेऊन उभी, प्रेक्षकांत फिरवायचं काम माझंच.

ताई बोलली. छान बोलली, उगाच खोटं कशाला सांगू. कापडाच्या मेजाबद्दल बोलली, उजेडात सुटलेला धागा कसा दिसतो ते सांगितलं. म्हणाली, "तारा काय आणि कापड काय, एकसारखं असतं आणि मध्येच कुठेतरी नसतं. ते नसणं बघायचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कागद तिने एकदाही उघडला नाही. शेवटी म्हणाली, "मला एक ग्रह सापडलाय, असं मला वाटतं. अजून पक्कं नाही," आणि ताऱ्याचा अकरा आकडी नंबर घडाघडा म्हणून दाखवला.

दाढीचे डोळे चमकले. "मग आत्ताच बघू या की! सगळ्यांसमोर!" त्याने लॅपटॉप पुढे ओढला. गुरूंनी मान डोलावली. असलं काही झालं की लोकांना आवडतं.

मी तिथून ओरडू शकले असते, माइक माझ्या हातात होता.

दाढीने नंबर टाकला. पडद्यावर भिंतीएवढा आलेख आला. तीन खळगे. ताईने छातीवर हात ठेवला. मग खालची ओळ उमटली, लाल अक्षरांत: पेरलेला नमुना.

दाढीचा चेहरा पडला. आणि गुरूंना विनोद सुचला.

"म्हणजे ताईंनी आमचाच ग्रह आम्हाला शोधून दिला! हरवला होता, बरं झालं!"

सभागृह फुटलं. चारशे माणसं खदाखदा हसली. दुकानातले दोघंही हसले आणि मग नवऱ्याकडे बघून थांबले. ताई उभीच होती. हसणं ओसरल्यावर ती हळू म्हणाली, "पण चौकट आली नव्हती." माइक चालू होता, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"येतेच, काकू," दाढी समजुतीने म्हणाला. "आपोआप येते ती."

"नव्हती आली. मी दहा मिनिटं थांबले होते."

गुरूंनी माझ्याकडे बघितलं. "काय हो, येते ना चौकट?"

चारशे डोकी माझ्याकडे वळली. ताईसुद्धा वळली. आणि तिच्या तोंडावर, देवाशपथ सांगते, हायसं वाटल्याचा भाव होता. घरचं माणूस आहे, ही सांगेल, असं.

"येते," मी म्हटलं. "ताईंच्या नजरेतून सुटली असेल."

लोक परत हसले, पण ह्या वेळी मायेने, म्हाताऱ्या माणसांना हसतात तसे. ताईला प्रशस्तिपत्रक दिलं, फुलं दिली. तिने दोन्ही घेतलं, घडी केलेला कागद वर ठेवला आणि पायऱ्या बघून बघून उतरली. मैत्रिणींपैकी एक तिच्या दंडाला धरायला पुढे आली.

गाडीत मी पुढे बसले होते, ताई मागे. मग मागून आवाज आला.

"हिरवी असते ना गं ती?"

"हो, ताई."

"मोठी असते?"

"अर्ध्या पडद्याएवढी."

"आधीच्या सगळ्या तर दिसल्या होत्या. तेवढीच कशी दिसली नाही गं?"

नवरा म्हणाला, "ताई, डोळे दाखवू एकदा. वय झालं आता." त्याने प्रेमानेच म्हटलं. ओळखीच्या डॉक्टरकडे दुसऱ्याच दिवशी घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे, ह्या वयात असतेच, घाई करायचं कारण नाही. त्यातलं फक्त 'मोतीबिंदू' तिने ऐकलं.

नवऱ्याने गळ घातली म्हणून ती परत खिडकीजवळच्या टेबलावर बसायला लागली. आठ ते बारा, दोन ते सहा. पण घरात दोष दिसायचे बंद झाले. म्हणजे दिसत असावेत, कारण ती विचारायची. पेला घेऊन माझ्याकडे यायची आणि म्हणायची, "बघ गं, हा साबण आहे का माझ्या डोळ्यांत आहे?" मी न बघताच म्हणायचे, "काही नाही, ताई. स्वच्छ आहे."

ह्याला अडीच महिने झाले आणि एका सकाळी गुरूंचा पारा चढला. दुसऱ्या एका वेधशाळेने ग्रह जाहीर केला होता. लहानसा, खडकाळ, पृथ्वीहून थोडासा मोठा, आणि ताऱ्यापासून अशा अंतरावर की पाणी असलंच तर वाहतं राहील. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर चित्र. आणि तो तारा आमच्या ग्रहशोधात होता! आमच्या लोकांनी तो आलेख बघून टाकून दिला होता. मीटिंगमध्ये गुरू टेबलावर थापा मारत होते. "कसा सुटला? कुणी सोडला?"

दाढीने नोंदी काढल्या. आलेख बारा जणांना दाखवला होता. पाच जणांना काहीतरी पुसट दिसलं होतं, सहा जणांना काही दिसलं नव्हतं. आणि सगळ्यांत जास्त वजनाच्या नंबराने 'काही नाही' म्हटलं होतं. तिथे तो बुडाला.

"खुल्या दिवसानंतर नऊ दिवसांनी," दाढी म्हणाला. मग तो पडद्याच्या जवळ सरकला. "हे विचित्र आहे. ह्या माणसाला एका आलेखाला नऊ सेकंद लागतात. ह्याच्यावर अकरा मिनिटं चाळीस सेकंद घालवलीयत."

नोंदीत सगळं असतं, प्रत्येक हालचाल. आलेख सात वेळा मोठा करून बघितला होता. तीन खुणा केल्या होत्या, तीनही अगदी जागच्या जागी. मग पुसल्या. परत केल्या. परत पुसल्या. मग बाराव्या मिनिटाला बटण दाबलं होतं: काही नाही.

"माणूस बसल्या बसल्या झोपला असणार," दाढी म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघत होते असं नाही. कुणीच बघत नव्हतं. सत्काराला मी नाव दिलं होतं, नंबर नव्हे; तो कुणाचा, हे फक्त मला माहीत होतं.

"असेल," मी म्हटलं.

पण त्या दिवशी मला खुर्चीत बसवेना. तीन वाजताच घरी निघाले. वाटेत ठरवलं, आता सगळं सांगायचं. यादीचं, सत्ताविसाव्या ओळीचं, सभागृहातलं आणि हे आजचंसुद्धा. ग्रह खरा आहे, ताई, आणि जगात सगळ्यांच्या आधी तो तुम्हाला दिसला होता. वाक्यं मनात घोळवत जिना चढले.

खिडकीजवळचा कॉम्प्युटर बंद होता, ताई स्वयंपाकघरात पेले पुसत होती. टेबलावर आजचं वर्तमानपत्र अंथरलेलं, त्याच्यावर ओले पेले उपडे घातलेले. पहिलंच पान होतं, निळसर ग्रहाचं चित्र ओलं होऊन फुगलं होतं. नवरा दुकानातून जेवायला आलेला, आतल्या खोलीत आडवा झाला होता.

"ताई," मी म्हटलं, "ती चौकट आलीच नव्हती."

ती थांबली.

"यादी मला भरायची असते. मी अर्धीच भरली. तुमच्या डोळ्यांचा काही दोष नव्हता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी सभागृहात खोटं बोलले. सगळ्यांसमोर खोटं बोलले, ताई." बोलता बोलता मला रडू फुटलं.

तिने फडकं खाली ठेवलं. हात पुसले. आणि माझ्या गालावर हात ठेवला. ओलसर, गार हात.

"किती गं करशील माझ्यासाठी," ती म्हणाली.

"नाही, ताई, मी खरंच..."

"अरे, ऐकलंस का?" तिने आत हाक मारली. "ऊठ, इकडे ये. तुझी बायको बघ काय म्हणतेय. माझं मन राखायला स्वतःवर घेतेय सगळं. स्वतःची नोकरी घालवून बसेल अशाने!"

नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याने माझ्याकडे जसं बघितलं तसं गेल्या कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते.

"ताई, ऐका माझं. चूक माझीच होती."

"बरं बाई, तुझी," ती मला थोपटत म्हणाली. "पण मला माझं कळतं ना. त्या दिवसानंतर तर भलतंच व्हायला लागलं होतं. मध्ये एकदा मला चक्क तीन खळगे दिसले, समान अंतरावर. इतके स्वच्छ, की खूण केली. मग पुसली. परत केली. शेवटी म्हटलं, पुरे, परत हसं करून घेशील. टाकून दिलं. तेव्हापासून डोळ्यांवरचा विश्वासच उडाला बघ. आजच सकाळी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणत होते घाई नको, पण मी म्हटलं, करूनच टाका ऑपरेशन."

माझं तोंड उघडं होतं. ग्रह तिच्या कोपराशी होता, पेल्याखाली. बोट दाखवायचा अवकाश.

"चहा टाकतो मी," नवरा म्हणाला. "तुम्ही दोघी बसा." जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला.

मी तोंड मिटलं. लाज वाटते सांगायला, पण माझा जीव भांड्यात पडला. सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि त्याचं काहीच झालं नव्हतं. ताईने पेले उचलले, भिजलेला कागद चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि टेबल पुसून घेतलं.

येत्या मंगळवारी ऑपरेशन आहे, आधी उजवा डोळा. रजेचा अर्ज मी देऊन टाकलाय. पेले आता मीच धुते. कडेला साबण राहतो, पण कुणी काही म्हणत नाही.